आठ सेकंदांचा आकडा आणि मराठी कॉपी

माणसाचे लक्ष 2000 साली बारा सेकंद टिकत असे, आता ते आठ सेकंदांवर आले असून गोल्डफिशच्या नऊ सेकंदांपेक्षाही कमी आहे, तेव्हा कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, दोन ओळींत संपवा, अशा आशयाची स्लाइड जाहिरात आणि सोशल मीडियाच्या कार्यशाळांमध्ये गेली अनेक वर्षे दाखवली जात आहे. ती व्हॉट्सॲपवर फिरते, क्लायंटच्या ब्रीफमध्ये (कामाच्या सूचनापत्रात) येते, आणि या व्यवसायात नव्याने आलेली मुले ती प्रमाण मानून आपला चांगला मजकूर आपल्याच हाताने कापून टाकतात. त्या कापाकापीचा भुर्दंड मराठीत लिहिणाऱ्यांना आणि त्याहून अधिक मराठीत वाचून खरेदी करणाऱ्यांना पडतो, म्हणून या दाव्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान आकड्याचे. हा आकडा सर्वदूर पोचला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालामुळे. त्यासाठी कॅनडातील लोकांची पाहणी झाली होती आणि काहींच्या मेंदूतील विद्युतलहरीही नोंदवल्या गेल्या होत्या. परंतु बारा आणि आठ हे आकडे त्या पाहणीतून निघालेलेच नव्हते. ते ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ या संकेतस्थळावरून घेतलेले होते. 2017 मध्ये बीबीसीने त्या संकेतस्थळावर दिलेल्या संदर्भांचा माग काढला, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्र आणि असोसिएटेड प्रेस या दोहोंपैकी कोणाकडेही अशा संशोधनाची नोंद सापडली नाही. बीबीसीने ज्या अभ्यासकांना विचारले, त्यांना तर ‘लक्ष टिकण्याचा सरासरी काळ’ ही कल्पनाच निरर्थक वाटली, कारण लक्ष किती टिकेल हे समोरचे काम काय आहे आणि ते करणाऱ्याला त्याची किती गरज आहे यावर ठरते. दहावीच्या निकालाची यादी पाहणारा बाप आणि साबणाची जाहिरात पाहणारा तोच बाप यांना एकच सेकंदकाटा लावता येत नाही.

दुसरे विधान माशाचे. त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गोल्डफिश हा स्मृतीच्या संशोधनात वारंवार वापरला जाणारा मासा आहे आणि शिकलेली गोष्ट तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो, हे प्रयोगांतून दिसलेले आहे.

या दाव्याच्या बाजूने जे खरोखर मांडता येण्याजोगे आहे, तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्यांची वर्षानुवर्षे मोजणी केली आहे. एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाण्यापूर्वीचा सरासरी वेळ 2004 मध्ये सुमारे अडीच मिनिटे होता, 2012 मध्ये 75 सेकंद झाला आणि अलीकडे तो 47 सेकंदांच्या आसपास आला आहे. ही घट गंभीर आहे आणि ती नाकारण्याचे मला कारण नाही. मात्र माणूस किती वेळा खिडकी बदलतो याची ती मोजणी आहे. त्याची लक्ष देण्याची क्षमताच संपली, असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

तिसरे विधान असे की सोशल मीडियालाच आखूड मजकूर हवा असतो. तसे असते, तर मंचांनी आपल्या मर्यादा आणखी आवळल्या असत्या. घडले ते उलटेच. ट्विटरने 2017 मध्ये 140 अक्षरांची मर्यादा 280 केली. 2020 मध्ये पंधरा सेकंदांपासून सुरू झालेले इन्स्टाग्रामचे रील 2025 मध्ये तीन मिनिटांपर्यंत करता येऊ लागले. यूट्यूब शॉर्ट्सची एका मिनिटाची मर्यादाही 2024 मध्ये तीन मिनिटांवर गेली. इन्स्टाग्रामचे कॅप्शन 2,200 अक्षरांचे असू शकते, फक्त त्यातल्या पहिल्या एकदोन ओळीच उघड्या दिसतात आणि उरलेला मजकूर बोट लावल्यावर उलगडतो. त्यामुळे पहिल्या ओळीवर जीव तोडून मेहनत घ्यावी, हे अगदी खरे. पण पहिली ओळ चांगली हवी आणि मजकूरच एका ओळीचा हवा, या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत, आणि त्या स्लाइडने त्यांची गल्लत करून ठेवली आहे.

मराठीच्या बाबतीत या गल्लतीला आणखी एक जुने कारण आहे. एसएमएसमध्ये रोमन लिपीत 160 अक्षरे मावतात, देवनागरीत केवळ 70. त्यापुढे संदेशाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. त्यातही ‘स्त्री’ हा आपल्या दृष्टीने एका अक्षराचा शब्द यंत्र सहा खुणांचा मोजते, कारण तीन व्यंजने, दोन हलन्त आणि एक वेलांटी या प्रत्येकाची जागा वेगळी धरली जाते. जोडाक्षरे टाळून, क्रियापदे गाळून, नाइलाजाने मराठी रोमन लिपीत लिहून आम्ही जाहिरात लिहिणारे संदेश बसवत असू. ती काटकसर बिलासाठी होती. वाचकाने तसे कधीच मागितले नव्हते, तरीही मराठी ग्राहक वाचत नाही असा तिचा अर्थ लावला गेला आणि तो पायंडा पडला.

एक अनुभव सांगतो. कोकणातल्या एका बागायतदारांच्या व्हॉट्सॲप संदेशासाठी मी त्या स्लाइडच्या धाकाने एवढेच लिहून दिले होते: ‘अस्सल देवगड हापूस. थेट बागेतून. आजच मागवा.’ त्यानंतर त्यांचा फोन दिवसभर वाजत राहिला, पण मागणीपेक्षा प्रश्नच जास्त होते. पेटी किती डझनाची, आंबा तयार येणार की घरी आढी घालायची, डझनाचा भाव फळाच्या आकारानुसार बदलतो का, साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर फळ बदलून देणार का, आणि अस्सल म्हणजे काय? शेवटचा प्रश्न तर अगदी रास्त होता, कारण दुसऱ्या राज्यांतला आंबाही हापूस म्हणून बाजारात खपवला जातो आणि 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते काही उगाच नव्हे. हे विचारणारी माणसे लक्ष उडालेली नव्हती. माझ्या तीन वाक्यांनी त्यांना लक्ष देण्याजोगे काही दिलेच नव्हते.

पुढच्या खेपेला बागायतदारांनी आलेले प्रश्न वहीत टिपून ठेवले होते. त्या पानावरून मी संदेश नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत बागेचे गाव, पेटीतले डझन आणि भाव, त्याखाली आढी कशी घालायची याच्या चार ओळी, आणि शेवटी साका निघाल्यास फळ बदलून मिळेल असे स्पष्ट वचन. संदेश पहिल्याच्या कितीतरी पट लांब झाला. तो लिहिताना मी एकदाही सेकंद मोजले नाहीत. आढीत पेंढा किती घालावा, हे मात्र त्यांना दोनदा विचारून घेतले.