रसाच्या उपवासात उलट्या झाल्या, तर ते 'विष' बाहेर पडणं नव्हे

सात दिवस अन्न बंद, फक्त रस प्यायचा. सकाळी दुधी-कारलं-आवळा, दुपारी पालक-बीट, संध्याकाळी गाजर-सफरचंद. यानं लिव्हर, किडनी, आतडी साफ होतात, वर्षानुवर्षं साचलेली विषारी द्रव्यं निघून जातात, वजन दोन-तीन किलोंनी उतरतं. हे आयुर्वेदातच सांगितलंय आणि आता तर नोबेल मिळालेल्या संशोधनानंही सिद्ध झालंय. शेवटी एक धीर देणारं वाक्य: सुरुवातीला डोकं दुखेल, मळमळेल, उलट्या-जुलाब होतील, घाबरू नका, विष बाहेर पडतंय.

अशा आशयाचे मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरत असतात. जेवणाबरोबर कुणी पेलाभर रस घेतला, तर माझी काहीच हरकत नाही. पण ते शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून हे उत्तर.

'विषारी द्रव्यं साचतात', पण कोणती? मेसेजमध्ये एकाचंही नाव नसतं. निरोगी माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं शरीरात परत घेतात आणि युरिया, क्रिएटिनिन वगैरे दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतात. लिव्हर अमोनियाचा युरिया करतं, औषधं आणि दारू यांची विल्हेवाट लावतं. हे काम आपण झोपलेलो असतानाही चालू असतं, त्यासाठी उपवास लागत नाही. आणि ज्यांच्या किडन्यांना हे झेपत नाही, त्यांना तर असा रस धोक्याचाच, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पालक-बीटचा आणखी एक त्रास म्हणजे त्यांच्यात मुळातच असणारं ऑक्झलेट हे द्रव्य. पालक उकळून पाणी फेकलं की ते बरंच कमी होतं, कच्च्या रसात मात्र सगळं पोटात जातं. पालेभाज्यांचे असे रस रोज भरपूर प्यायल्यावर ऑक्झलेटचे स्फटिक साचून किडनी निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

वजन उतरतं, हे खरं आहे. पण पहिल्या काही दिवसांत जे उतरतं, ते मुख्यतः पाणी असतं. लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं बंद झालं की हा साठा वापरला जातो आणि पाणीही जातं. पुन्हा जेवायला लागलं की दोन्ही परत येतात. रसात प्रथिनं नावापुरतीच असल्यामुळे सात दिवसांत थोडे स्नायूही झिजतात.

नोबेलचं म्हणाल, तर २०१६ मध्ये ते योशिनोरी ओसुमी यांना मिळालं. पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात, त्या ऑटोफॅजीच्या यंत्रणेबद्दल. त्यांचे ते मूळ प्रयोग यीस्टवर होते. रसाच्या उपवासाची परीक्षा त्यांनी घेतलेली नाही. शिवाय फळांच्या रसातल्या साखरेनं इन्शुलिन वाढतं आणि इन्शुलिन ऑटोफॅजीला आवर घालतं.

आयुर्वेदात लंघन, म्हणजे उपवास किंवा हलका आहार आहे, पण ते रोग, प्रकृती आणि बळ पाहून. शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, अग्नी (पचनशक्ती) मंद असतो म्हणून हळूहळू जेवणावर आणण्याच्या संसर्जन क्रमात आधी पेया (तांदळाची पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग यूष (डाळीचं कढण), अशी शिजवलेल्या, पचायला हलक्या अन्नानं सुरुवात करतात. मिक्सरमधला कच्च्या भाज्यांचा रस सरसकट सगळ्यांना सात दिवस पाजायचा आणि तोही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून, याला आयुर्वेदाचं नाव देणं हा त्या शास्त्रावर अन्याय आहे.

आता ते शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशीचं डोकं बहुतेक वेळा चहा सुटल्यामुळे दुखतं. कॅफीन अचानक थांबलं की एक-दोन दिवसांत हे होऊ शकतं, ते सोसता येतं. पण घाम फुटणं, हात थरथरणं, धडधडणं, बोलण्यात गोंधळ होणं? मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे आणि पोटात फक्त दुधी-कारल्याचा रस, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली येते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायला हवी. इथे 'विष बाहेर पडतंय' म्हणून थांबणं म्हणजे माणूस बेशुद्ध पडेपर्यंत थांबणं.

सगळ्यात घातक आहे दुधी. एखाद्या दुधीत कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं जास्त प्रमाणात तयार होतात. तो दुधी दिसायला अगदी इतरांसारखाच असतो. असा रस प्यायला की काही वेळातच पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात, कधी उलटीत रक्त येतं, रक्तदाब कोसळतो. यावर उतारा नाही, सलाइन आणि इतर आधार देत रुग्णाला सांभाळावं लागतं. २०१० मध्ये दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला.

समितीच्या सूचना साध्या आहेत. दुधी चिरल्यावर छोटा तुकडा चाखून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या, भाजीतही घालू नका. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. मेसेजमधली कृती नेमकी याच्या उलट आहे. कारलं मुळातच कडू, वर आवळ्याचा तुरटपणा, म्हणजे दुधी कडू होता हे जिभेला कळण्याची सोयच राहत नाही. आणि त्यानंतर उलट्या झाल्या, तर त्याही चांगलं लक्षण म्हणून सोसायच्या!

तर रसानंतर उलट्या-जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्या, की वाट बघू नका. लिंबूपाणी, ओवा असले घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखान्यात जा. डॉक्टरांना आपणहून सांगा: दुधीचा रस घेतलाय, किती वाजता, किती पेले. रस उरला असेल, तर भांडं धुऊ नका, तो सोबत न्या.