कंपनीचा डबा भिंतीवर का राहिला : दोन स्टारच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की साडेतीन हजारांचा राउटर घेतला, बसवायचे पैसे वेगळे दिले, तरी इंटरनेट कंपनीचा डबा भिंतीवर तसाच आहे, गावाहून घरचे कॅमेरे दिसत नाहीत आणि मुलांचं नेट रात्री दहाला बंद होत नाही. “दुकानदाराने गळ्यात मारला” हे वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

डबा काढता येणार नाही हे राउटर देतानाच सांगितलं होतं, बिलावरही लिहिलं आहे. हिरव्या टोकाची बारीक वायर, म्हणजे फायबर, त्या डब्यात जाते, तिच्यातून प्रकाश येतो. तुमच्या राउटरला लॅन केबलच लागते, फायबर त्यात बसतच नाही. शिवाय कंपनीकडचं यंत्र प्रत्येक डब्याला सिरियल नंबरवरून ओळखतं. नोंद नसलेला डबा जोडला तर पॉनचा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, दिवा नुसता लुकलुकत राहतो. एकाच फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असू शकतात आणि डेटा पाठवायची प्रत्येकाची पाळी ठरलेली असते, त्यामुळे डब्याबाबत कंपनी कडक असते हे मला पटतं. पण डब्याच्या पुढे राउटर कुणाचा, हे ग्राहकानेच ठरवायला हवं.

त्यासाठी ब्रिज मोड असतो. डबा फक्त प्रकाशाचा सिग्नल लॅन केबलवर आणून देतो, बाकी सगळं तुमचा राउटर सांभाळतो. तुमच्या लाइनला त्यासाठी पीपीपीओईचं (राउटरने कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (लाइनवरच्या इंटरनेटच्या वाटेचा क्रमांक) लागतो. तुमच्यासमोरच कस्टमर केअरला फोन लावला होता. “पॉलिसीत बसत नाही” एवढंच उत्तर आलं. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ही माहिती ग्राहकाला न मागता आणि फुकट देणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. दरमहा बिल भरणाऱ्या इथल्या माणसालाही तोच हक्क मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ब्रिज मोड मिळाला नाही म्हणून राउटर डब्याला जोडून चालवला आणि डब्याचं वायफाय बंद केलं. दोघांचेही पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, ते एकमेकांत अडकू नयेत म्हणून तुमच्या राउटरचे १९२.१६८.५० केले.

कॅमेऱ्यांचं कारण वेगळं आहे. डब्याच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी राखीव आहे. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला तुमचं घर सापडतच नाही. डबा ब्रिज मोडवर गेला तरी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरने थेट कॅमेऱ्यांकडे वळवणं, चालणार नाही. एक तर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्यावा लागेल, नाही तर डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रातलं) पीटूपी चालू करून त्याचा क्यूआर कोड मोबाइलच्या ॲपमध्ये स्कॅन करायचा. यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो, म्हणून पत्त्याची अडचण येत नाही. घरच्यांनाच बघायचं असेल तर मी हा पीटूपीचाच मार्ग सुचवीन. फक्त डीव्हीआरचा पासवर्ड आधी बदला.

मुलांच्या नेटचं म्हणाल तर राउटरमधली वेळ बरोबर लावलेली आहे, ती तुमच्याच मोबाइलवरून लावून दिली होती. अभिप्रायासोबतच्या फोटोत मात्र डब्याचा वायफायचा दिवा हिरवा दिसतोय. कंपनीचा माणूस मध्यंतरी येऊन गेला असं तुम्हीच लिहिलंय. डबा रिसेट झाला की त्याचं वायफाय पुन्हा चालू होतं. कंपनी दूरूनही डब्याच्या सेटिंग बदलू शकते. मुलांचे मोबाइल डब्याच्या वायफायच्या जुन्या नावाला आपोआप जोडले जातात, आणि तिथे आपला दहाचा नियम लागू नाही.

या आठवड्यात आमचा मुलगा येऊन डब्याचं वायफाय बंद करेल आणि पीटूपी लावून देईल, त्याचे पैसे घेणार नाही. ब्रिज मोडसाठी कंपनीला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मजकूर आम्ही लिहून देऊ. एवढं करूनही राउटर नकोच वाटला तर ॲडॅप्टर आणि बिलासह घेऊन या, पूर्ण किंमत परत देईन. रविवारी दुकान बंद असतं.