160 एकर फुकट? जरा थांबा

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. "अमेरिकेत जमीन नुसती रिकामी पडलेली, शेतकरी गाडी घेऊन गेला, आवडेल तिथे खुंटी ठोकली, 160 एकर फुकटात त्याचे, आणि अशीच तिकडची गावं वसली." दावे चार आणि चारही कच्चे. तिकडच्या ओहायो राज्याचंच बघू, चौकोनी टाउनशिपची, म्हणजे जमिनीच्या आखलेल्या चौकोनांची, मोजणी तिथूनच सुरू झाली.

रिकामी म्हणे. अहो तिथे मायामी, शॉनी, डेलावेअर या मूळ जमातींचे लोक राहत होते, मका पिकवत होते. 1791 ला त्यांनी अमेरिकेच्या जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा पार धुव्वा उडवला, मग 1794 ला फॉलन टिंबर्सच्या लढाईत हरले आणि 1795 च्या ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा मोठा भाग सोडावा लागला. रिकाम्या जमिनीसाठी तह कोणाशी करतात?

आता फुकट. जमीनविक्रीच्या 1785 च्या कायद्यात लिलाव होता, एकरी किमान 1 डॉलर आणि एका वेळी निदान 640 एकर घ्यायचे, म्हणजे 640 डॉलर पाहिजेत, आणि एवढे पैसे असलेला माणूस झाडं तोडायला कशाला जातोय, त्यामुळे बरीच जमीन कंपन्या आणि सट्टेबाजांकडे गेली आणि त्यांनी ती तुकडे पाडून विकली. 1800 मध्ये किमान 320 एकर, 2 डॉलर दर पण हप्त्याने. हप्ते थकले. म्हणून 1820 ला उधारी बंद, किमान 80 एकर, सव्वा डॉलर रोख. तो फेमस 160 एकरवाला होमस्टेड कायदा लिंकनच्या सहीने आला 1862 ला, तोवर ओहायो राज्य होऊन 59 वर्षं झालेली! आणि त्यातही साधारण 18 डॉलर फी, 5 वर्षं तिथंच राहून जमीन कसायची, मग कागद हातात. बैल, नांगर, बियाणं, घर सगळं आपलं आपण. (हां, एकट्या बाईलाही अर्ज करता यायचा, हे फॉरवर्डवाल्याने लिहिलं असतं तर कौतुक केलं असतं.)

खुंटी शेतकऱ्याची नव्हे, मोजणीदाराची. आधी 66 फुटी साखळी फिरायची, 80 साखळ्यांचा मैल. आपल्या गुंठ्याची 33 फुटांची बाजू बरोब्बर त्याच्या निम्मी, गंमत आहे. सहा बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा. 160 हा आकडा त्याचाच पाव. मोजणी होण्याआधीच घुसून बसलेले लोक होते, नाही असं नाही, पण त्यांना सैनिक पाठवून हुसकावलंसुद्धा.

राहिलं गाव. टाउनशिप म्हणजे बिल्डरची नव्हे आणि गावही नव्हे, तो नकाशावरचा चौकोन, त्यात गाव असेल किंवा नुसती शेतं. पण 16 नंबरचा सेक्शन शाळेसाठी आधीच राखलेला, तिथे एकही पोर पोचायच्या आत.