मशीन म्हणाली पाणी नाही

आमच्या लातुरात कुणी म्हणलं की पाणी नाही, तर त्याला पुढं कुणी काही विचारत नाही. पुरावा मागत नाही. "नाही का? बरं" म्हणायचं आणि गपचूप बकेटी मोजायला लागायचं. एप्रिल 2016 मध्ये ज्या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय, पहिल्याच गाडीला 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर, आणि ती गाडी बघायला लोकं लेकराबाळांसकट गेली होती, त्या गावाला पाणी नसण्याचं काय नवल. त्यामुळं त्या रविवारी सकाळी वॉशिंग मशीननं सात-आठ मिनिटं गूं गूं करून शेवटी टीं टीं सुरू केलं आणि पॅनलवर नळाचं चित्र लुकलुकायला लागलं, तेव्हा घरातल्या एकाही माणसाला तिच्यावर शंका आली नाही.

"अहो, पाणी गेलं वाटतं," बायको किचनमधून म्हणाली.

मी गेलो आणि बोअरची मोटर चालू करून पेपर वाचत बसलो. वर जाऊन टाकी बघावी असं मनातसुद्धा आलं नाही, मशीननं सांगितलंय म्हणल्यावर कशाला बघायचं. अर्ध्या तासानं शेजारच्या काकू कंपाउंडवरून ओरडल्या, "ओ सर! पाणी चाल्लंय की ओ, माझी ज्वारी भिजायली!" टाकी आधीपासूनच काठोकाठ होती आणि सगळं पाणी स्लॅबवरून त्यांच्या वाळवणावर. आमच्याकडं चोरी केलेला माणूस एकवेळ चालतो, पाणी सांडलेला चालत नाही. चार दिवस मी गल्लीतून मान खाली घालून गेलो.

म्हणजे टाकी भरलेली, नळ चालू, आणि मशीन म्हणतीय पाणी नाही. आता सांगायला लाज वाटते पण मी क्लासला फिजिक्स शिकवतो. लातूर पॅटर्नमधला एक छोटा खिळा आहे मी. एच रो जी म्हणजे पाण्याच्या उंचीवर दाब ठरतो, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार, हे मी वर्षाला चारशे पोरांकडून घोकून घेतो. म्हणून पहिलं निदान तेच केलं, प्रेशर कमी पडतंय. सुतळीला दगड बांधून टाकीपासून मशीनपर्यंत सोडला, माप घेतलं, तीन मीटरच्या आसपास भरलं. मग साड्यांच्या खालून मॅन्युअल काढलं (घेतल्यापासून पहिल्यांदाच उघडलं, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती) तर त्यात कमीत कमी 0.3 बार लिहिलेलं, म्हणजे तीनच मीटर. काठावर पास. पण काठावर पास झालेलं पोरगं मागची तीन वर्षं व्यवस्थित चाललं होतं, आजच नापास कसं झालं, याचं उत्तर एच रो जी मध्ये नव्हतं.

कंपनीच्या नंबरला फोन लावला. बारा मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली, गोड आवाजात म्हणाली, सर तुमच्या एरियात पाणी येतं का? मी म्हणलं, लातूर. ती जरा थांबली आणि म्हणाली, ओके सर, पाणी आल्यावर परत कॉल करा.

मग मॅन्युअलमध्ये फिल्टर साफ करा असं वाचलं, आणि फिल्टर म्हणल्यावर मला खालचा आठवला, उजव्या कोपऱ्यात छोटं दार असतंय त्याच्या मागचा. तो खरं तर पाणी बाहेर जातं तिथला फिल्टर, आपला प्रॉब्लेम पाणी आत येण्याचा, पण त्या वेळी एवढा विचार कोण करतं. खाली ताट ठेवलं आणि फिरवला. भसकन दोन-तीन लिटर जुनं काळं पाणी, ताट तरंगायला लागलं, माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्या पाण्यासोबत निघालं काय काय, तर दोन रुपयांचं नाणं, एक हेअरपिन, माझ्या शर्टाचं बटन आणि सुपारीची दोन खांडं. सुपारी मी जानेवारीत सोडली होती. घरच्यांसमोर, देवासमोर सोडली होती. बायकोनं ती खांडं उचलून निरखून बघितली, काही बोलली नाही, टीव्हीच्या शेजारी वाटीत ठेवली. अजून तिथंच आहेत.

सोमवारी मेकॅनिक आला. यानं मशीन सुरू केली, तीस सेकंद ऐकली, पाठीमागं वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला, "मालक, कार्ड गेलंय." कार्ड म्हणजे मशीनला हुकूम सोडणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. आमच्याकडं कुठलीही वस्तू बिघडली की कार्डच जातं. मिक्सरमध्ये कार्ड नसतंय म्हणून, नाही तर मागच्या महिन्यात शेंगदाण्याची चटणी करताना मिक्सर बंद पडला होता त्याचंही कार्ड गेलं असतं. तो आईनं उलटा करून बुडाचं लाल बटन दाबल्यावर चालू झाला. कार्डाचे किती म्हणलं तर साडेचार हजार, आणि मी विचार करतो म्हणल्यावर बघायला आल्याचे तीनशे.

संध्याकाळी गल्लीतले काका आले, वायरमन म्हणून रिटायर झालेत आणि मल्टीमीटर अजूनही खिशात घेऊन फिरतात, पेन ठेवल्यासारखा. आधी प्लग काढायला लावला (मी तसाच हात घालणार होतो), मागचं झाकण उघडून इनलेट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या झडपेच्या, दोन टोकांना मीटर लावला. "चार हजार ओहम दाखवायलंय. कॉईल चांगली हाय." मग प्लग लावून मशीन सुरू केली, व्हॉल्व्हजवळ कान नेला. "ऐका. गूं करायलंय का? म्हणजे कार्डानं हुकूम सोडलाय, व्हॉल्व्हनं ऐकलाय. कार्ड गेलं असतं तर हे गप बसलं असतं." एवढं बोलून चहा पिले आणि गेले. साडेचार हजार वाचले पण कपडे होते तिथंच. हुकूम सुटलाय, तामील झालाय, पाणी तेवढं यीना गेलंय. सरकारी योजना झाली की ही.

दोन दिवस बायकोनं मला बाथरूममध्ये पाटावर बसवून कपडे धुवायला लावले. सुपारीमुळं माझी बाजू लंगडी होती, त्यामुळं बोलता येईना.

बुधवारी आई अंगणातल्या नळाचं फडकं बदलत होती. आमच्याकडं प्रत्येक नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतंय, आईच्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून, त्याशिवाय घरात थेंब येत नाही. फडकं गाळानं भरलं की धार करंगळीएवढी होती, मग सोडायचं, झटकायचं, परत बांधायचं. तिनं मला मशीनसमोर मांडी घालून बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "काय करायलास रे तीन दिवस झालं? तिच्या तोंडाचं फडकं बघितलास का?"

"मशीनला कुठं फडकं असतंय आई."

"तिनं बी बांधलं असंल की आत कुठंतरी. एवढ्या महागाची हाय."

मी हसलो. मग हसायचं थांबलो. नळ बंद केला, प्लग काढला, मशीनच्या मागचा पाईप हातानंच आटे फिरवून सोडवला. पाईप बसतो त्या तोंडात आत डोकावलं तर नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी, तिला मधोमध बारीक शेपूट. पक्कडीनं शेपूट धरून ओढली आणि जाळी बाहेर आली, म्हणजे जाळी अशी दिसतच नव्हती. बोअरच्या क्षाराचा पांढरा थर, चुना लावल्यासारखा, त्यावर तांबडा गाळ, आणि वरून निळ्या-पांढऱ्या पीव्हीसीचा कीस चिकटलेला. तो कीस कुठला, तर गेल्या महिन्यात प्लंबरनं टाकीचा पाईप करवतीनं कापून नवा जोड दिला होता, तेव्हा भुसा आतच राहिला आणि हळूहळू वाहत येऊन इथं जत्रा भरवली. आईनं जाळी माझ्या हातातून घेतली, लिंबू पिळून वाटीत बुडवली, तासाभरानं जुन्या ब्रशनं घासली आणि दिव्यासमोर धरून बघितली, तांदळातला खडा बघतात तशी. आरपार दिसायली होती.

लावली, पाईप बसवला, नळ सोडला, बटन दाबलं. धो धो पाणी आलं हो! मी सगळ्या घराला बोलावून काचेतून ते पाणी दाखवलं. काका, मेकॅनिक, क्लासची पोरं, सगळ्यांना पुढचा आठवडाभर इनलेटच्या जाळीवर लेक्चर दिलं, फळ्यावर आकृतीसकट.

पुढच्या रविवारी परत गूं गूं, परत टीं टीं, परत नळाचं चित्र. बायको म्हणाली, "अहो, पाणी..." म्हणलं थांब, आता मला शिकवू नको. प्लग काढला, नळ बंद केला, पाईप सोडवला, पक्कडीनं जाळी ओढली. लख्ख. म्हणलं क्षार बारीक असतोय, डोळ्याला दिसत नाही, म्हणून लिंबात तासभर ठेवली, ब्रशनं घासली, लावली, पाईप बसवला, नळ सोडला. नळातून फुस्स करून हवा आली आणि मग काहीच आलं नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. "आरं, टाकी मोकळी हाय. तिनं सांगितलं की तुला."