देव घरीही भेटतो, पण मंडळी घरी बसून होत नाही

गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय, नात्यातल्या ग्रुपवर आला, मित्रांनी पाठवला, शेवटी आमच्या मंडळीच्याच, म्हणजे चर्चच्याच, एका तरुण मुलाने मला विचारलं की ताई यात चूक काय आहे. त्याला तोंडी उत्तर दिलं, पण नीट जमलं नाही म्हणून इथे लिहितेय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: छोट्या चर्चला जाणं म्हणजे वेळ घालवणं. प्रभू येशूनेच सांगितलंय की दोघे-तिघे जमले की पुरे. पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे कुठे चर्च होती? मोबाईलवर उत्तमातला उत्तम संदेश आणि संगीत फुकट मिळतं, आणि छोट्या चर्चमध्ये काय, तीच माणसं, तीच भांडणं, आणि दर रविवारी पुढे येणारी दानाची थैली. म्हणून घरीच उपासना बघा.

मी संडे स्कूल शिकवते, मंडळी छोटी आहे, भरल्या रविवारी पन्नासेक माणसं, पावसात वीस. त्यामुळे हे मला लागलं हे खरं. पण एकेक मुद्दा घेऊनच बोलू.

दोघे-तिघे. हे वचन बायबलमधल्या मत्तय 18:20 मधलं, आणि सगळे फक्त तेवढंच वाचतात. जरा वर जा, 15 व्या वचनापासून वाचा. तिथे विषय काय चाललाय? भावाने तुझा अपराध केला तर आधी एकटा जाऊन त्याच्याशी बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे दुखावलेल्या माणसाने दुखावणाऱ्याच्या दारात जायचं, आणि हा सगळा अवघड कारभार एकत्र राहणाऱ्या माणसांमध्ये होत असताना प्रभू म्हणतो मी तुमच्यात आहे. आता हेच वचन 'कोणाकडे जायची गरज नाही' म्हणून वापरायचं, हे मला पटतच नाही. आणि खरं सांगायचं तर मेसेज दोघा-तिघांना जमायला पण सांगत नाही, एकट्याने स्क्रीनसमोर बसायला सांगतो.

पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे चर्च नव्हती. इमारती नव्हत्या, बरोबर. माणसं घरात जमायची. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम पाठवतो, कलस्सैकरांच्या पत्रात नुंफाच्या घरातली मंडळी आहे, फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या घरातली आहे. पण 'इमारत नव्हती' यावरून 'जमणं नव्हतं' कसं काय निघतं? आपल्या मराठीत तर हा गोंधळ व्हायलाच नको, कारण चर्चला आपण पिढ्यान्‌पिढ्या मंडळी म्हणत आलोय, आणि मंडळी म्हणजे माणसं. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, त्याचाही अर्थ बोलावून जमलेली सभा असाच आहे.

आणि ते जमणं सोपं नव्हतं हो. साधारण 112 साली आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनिया भागाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजानला पत्र लिहितो की या लोकांचं काय करू. त्याने चौकशी केलीय, दोन दासींना छळून माहिती काढलीय, त्या मंडळीत सेविका होत्या. आणि सापडलं काय, तर हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि जेवायला परत एकत्र येतात. उजाडायच्या आत का, तर तो ठरलेला दिवस बहुधा रविवार, आणि रविवार तेव्हा कामाचाच दिवस, विश्रांतीचा दिवस म्हणून तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने जाहीर केला तो थेट 321 साली. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं ही माणसं कामाच्या आधी किंवा कामानंतर, पकडले जायची भीती असताना जमत होती. 'देव सगळीकडे आहे, घरीच प्रार्थना करू' हे त्यांना सुचलं नसेल का? देव सगळीकडे आहे हे त्यांना आपल्याइतकंच माहीत होतं.

सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस म्हणून जुनं शहर आहे, तिथे उत्खननात एक साधं घर सापडलं. तिसऱ्या शतकात, 240 च्या आसपास, त्या लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं, भिंतीवर उत्तम मेंढपाळाचं चित्र काढलं. मला ती पाडलेली भिंत फार महत्त्वाची वाटते. माणसं मावेनात म्हणून घराची भिंत पाडली त्यांनी.

आता मोबाईलचा मुद्दा, यावर मला जास्त बोलायचंय. आधी एक मान्य करते, जे अंथरुणावर आहेत, ज्यांना जिना चढवत नाही, ज्यांची रविवारी ड्युटी असते, त्यांच्यासाठी ऑनलाइन उपासना हा खरोखर आशीर्वाद आहे आणि तो बंद व्हावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण न येऊ शकणाऱ्यांसाठी मंडळीने पूर्वीपासून काय केलंय ते बघा. साधारण 155 साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचतात, मग पुढारी बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि मग तो लिहितो की जे हजर नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यातला वाटा घेऊन जातात. म्हणजे कोण आलं नाही हे त्यांना माहीत असायचं, आणि कोणीतरी चालत त्या घरापर्यंत जायचं. लाखो लोक बघतात त्या व्हिडिओला तुम्ही आज बघितलं नाही हे कळत नाही, आणि कळलं तरी तो तुमच्या दारात येणार नाही.

माझी आई आजारी होती तेव्हा मी सलग तीन रविवार गेले नाही. मंडळीत कोणाला काही सांगितलं पण नव्हतं, कारण बोलायची ताकदच नव्हती. तिसऱ्या रविवारी दुपारी दोन बायका जेवण घेऊन आल्या, त्यातल्या एकीशी माझं फारसं बोलणंही नव्हतं, ती फक्त म्हणाली तुमची जागा रिकामी दिसली. नंतर ती रात्रभर आईजवळ बसली आणि मी झोपले, बऱ्याच दिवसांनी झोपले. त्या महिन्यात मी मोबाईलवर संदेश पण ऐकले, चांगले होते, धीर आला. पण आईला कुशीवर वळवायला दुसरं माणूस लागतं.

संगीताचं म्हणाल तर आमची पेटी एका सुरात अडकते, तबलजी शाळकरी मुलगा आहे, दोन आज्या नेहमी एक ओळ मागे असतात. मोबाईलवरचा कॉयर हजारपट चांगला, मान्य. पण कलस्सैकर 3:16 मध्ये गाण्याबद्दल लिहिलंय ते एकमेकांना शिकवण्यासाठी आणि बोध करण्यासाठी. म्हणजे माझ्या गाण्याचा उपयोग शेजारच्या माणसाला व्हायला पाहिजे. ज्या रविवारी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही त्या रविवारी त्या मागे राहणाऱ्या आज्या माझ्या वाटचं गातात, आणि त्यातल्या एकीने दोन मुलं गमावलीत हे मला माहीत आहे, म्हणून ती 'प्रभू विश्वासू आहे' म्हणते तेव्हा त्या शब्दांना वजन असतं. चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या काळात 1524 मध्ये जर्मन भाषेत आठ गीतांची एक छोटीशी पुस्तिका छापली गेली, फक्त आठ गीतं, आणि लोकांनी स्वतःच्या भाषेत स्वतः गावं हाच ध्यास होता. आणि आता आपण परत नुसतं ऐकत बसायचं?

संदेशाचंही तसंच. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, मोठे वक्ते नाहीत, कधीकधी लांबण लावतात. पण त्या आठवड्यात कोणाची नोकरी गेलीय, कोणाच्या घरी मयत झालीय हे त्यांना माहीत असतं, आणि ते माहीत असलेला माणूस वचन उघडतो तेव्हा ते वेगळं उघडतं.

दानाच्या थैलीबद्दल थोडक्यात. जिथे हिशेब दाखवत नाहीत तिथे विचारा, ठामपणे विचारा, त्यात अविश्वास वगैरे काही नाही. पौल स्वतः 2 करिंथकर 8 मध्ये सांगतो की मदतीची रक्कम पोचवताना कोणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून दुसरे भाऊ बरोबर घेतलेत. जस्टिनही लिहितो की जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी जातं. छोट्या मंडळीत दोघं जण मोजतात, वहीत लिहितात, वर्षाच्या सभेत वाचून दाखवतात, आणि कोणीही हात वर करून प्रश्न विचारू शकतं. व्हिडिओखाली अकाउंट नंबर दिलेला असतो तिथे कोणाला विचारणार?

राहिली भांडणं. हा मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा आहे आणि मी तो झटकणार नाही. भांडणं आहेत. पद कोणाला, चावी कोणाकडे, वाद्यं कोणी हलवली यावरून माणसं दोन-दोन वर्षं बोलत नाहीत, आणि काहींना तर इतकं दुखावलं गेलंय की ते परत आले नाहीत, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोणावर अत्याचार झाला असेल तर सहन करत तिथे बसा असं तर मुळीच नाही, बाहेर पडा आणि तक्रार करा. पण रोजची कुरबुर वेगळी. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नाव घेऊन विनंती करतो की एकमनाच्या व्हा, आणि लगेच सांगतो की या दोघींनी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी श्रम केलेत, यांना मदत करा. करिंथ शहरातल्या मंडळीत तर प्रभुभोजनालाच, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस एकत्र घेण्याच्या विधीलाच, काही जण आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल त्यांना खडसावतो, पण घरीच बसा असं सांगत नाही, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा असं सांगतो.

माझंही मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांशी बिनसलं होतं, संडे स्कूलच्या खोलीवरून, आठ महिने आम्ही फक्त मान हलवायचो. मग एका प्रभुभोजनाच्या रविवारी ते उपासनेआधी माझ्या बाकापाशी आले आणि म्हणाले, ताई, मी चुकलो, तुमच्याशी न बोलता पुढे जाववत नाही. मलाही रडू आलं, कारण अर्धी चूक माझी होती आणि आठ महिने मी ती कबूल केली नव्हती. घरी बसून उपासना बघत असते तर ते मला कधी भेटलेच नसते, आणि मी स्वतःला अजूनही बरोबरच समजत असते.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं की ऑनलाइन संदेश ऐक, जरूर ऐक, पण या रविवारी अर्धा तास आधी ये, खुर्च्या मांडायला मी आणि पाळकबाई दोघीच असतो आणि पाळकबाईंचा गुडघा दुखतोय.