मायकोरायझाने चोपण जमिनीचा सामू उतरत नाही

सध्या मराठवाड्यात एक मेसेज फिरतोय: ‘चोपण जमिनीत गवती चहा, रोशा गवत (दोन्ही सुगंधी तेलाची) लावा. एकरी 4 किलो मायकोरायझा गुळाच्या पाण्यात भिजवून ड्रिपने सोडा. सामू (पीएच) 8.5 वरून 7 वर येतो, जिप्सम लागत नाही, तेल दुप्पट निघतं.’ मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी बुरशी खरोखर कामाची आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

‘सामू 7 वर येतो.’ एकराच्या वरच्या 15 सेंमी थरात साधारण 800 टन माती असते. त्यात सामू चढा ठेवणारी चुनखडी 10 टक्के धरली तरी 80 टन झाली. 4 किलो बुरशी ती विरघळवणार कशी? तिचं काम वेगळं आहे. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो, मुळालगतचा संपला की पीक उपाशी राहतं. बुरशीचे तंतू त्यापलीकडे काही सेंमी जाऊन स्फुरद आणि जस्त आणतात. जमीन आहे तशीच राहते, पीक तिच्यात खायला लागतं.

‘जिप्सम नको.’ चुनखड आणि चोपण एक नव्हे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने माती फसफसली तर चुनखड. चोपण सोडियममुळे होते: ओली की चिकट, वाळली की दगड. मुळाशी हवाच पोचत नाही, तिथे बुरशी काय करणार? सोडियम हटवायला माती परीक्षणानुसार जिप्सम आणि निचऱ्याचे चर आधी. रोशा, गवती चहा, वाळा 9 पर्यंतचा सामू सोसतात. पुदिन्याच्या नादी लागू नका.

‘गुळात भिजवून ड्रिपने.’ सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी, ती गुळावर वाढते. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. दाणेदार माल तर फिल्टरमध्येच अडकतो. 60×60 सेंमीवर एकरी 11 हजार ठोंब बसतात, म्हणजे 4 किलोत ठोंबाला अर्धा ग्रॅमही येत नाही. मायकोरायझाची माती ठोंबामागे 10 ग्रॅम, खड्ड्यात थेट मुळाखाली पडली पाहिजे. म्हणजे एकरी 110 किलो, आणि ती शेतावरच होते. 1×1 मीटर, 30 सेंमी खोल खड्डा, आत काळं प्लास्टिक, 50 किलो व्हर्मिक्युलाइट (हलकं खनिज), 5 किलो निर्जंतुक माती. वरून 2 ते 5 सेंमी खाली 1 किलो मायकोरायझाचं विरजण, त्यावर मका टोका. 60 दिवसांनी मका कापा, मुळं बारीक करून त्याच मातीत मिसळा. एकराला असे दोन खड्डे पुरतात. एप्रिलच्या सुरुवातीला मका टोकला तर जूनच्या लावणीला माल हाताशी येतो. रोशाच्या वाफ्यात चौरस मीटरला 100 ग्रॅम, बियांखाली 2-3 सेंमीवर.

लावणीला मूठभर डीएपी (स्फुरदाचं खत) टाकला की हे सगळं फुकट. स्फुरद आयता मिळाला की पीक बुरशीला साखर देणं आखडतं घेतं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही तेव्हा नको.

‘तेल दुप्पट.’ उतारा वाण, कापणीची वेळ आणि ऊर्ध्वपातनावर ठरतो. पाला वाढला तर एकूण तेल वाढेल, तेवढंच.

मेसेजमधल्या फोटोत मुळांभोवती पांढरी जाळी दाखवलीय. ती शेणखत कुजवणारी बुरशी. मायकोरायझा मुळाच्या आत वसते; मूळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून, ट्रिपॅन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तरच दिसते. शेतात पारखायची तर चार ओळी बुरशीविना ठेवा आणि कापणीला दोन्हीकडचा पाला वेगवेगळा तोला.