सोबत पिस्तूल असलं की लुटारू घाबरतात?
एका लेखात म्हटलंय की पिस्तूल बाळगायचे नियम सैल केले की शहरातले लुटारू घाबरतील, पण अमेरिकेत उलटंच दिसलंय हो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन डॉनह्यू आणि सहकाऱ्यांनी 47 मोठी शहरं तपासली, तर असे नियम सैल करणारे कायदे आल्यावर बंदूक दाखवून होणारी लूटमार 32 टक्के वाढलेली आणि बंदुकांच्या चोऱ्या 35 टक्के. कारण साधंय, लोक पिस्तूल गाडीत ठेवून जातात, काच फुटते आणि तेच पिस्तूल उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी कपाळावर. वर पोलिसांकडून हिंसक गुन्ह्यांचा छडा लागायचं प्रमाणही 13 टक्के घसरलं. टेक्सासने तर 2021 पासून परमिटची अटच काढली, माझी बहीण तिथेच ह्यूस्टनला राहते, मला खरंच काळजी वाटते.